हौद भरणारे नळकाका

नळकाका पाण्याला घाबरायचे. हसू नका, खरंच घाबरायचे. अर्ध्या शहराच्या भिंतींत ज्यांनी पाइप घातले, ज्यांच्या हातात पाना आला की कसलाही फुटका नळ गप्प बसायचा, तो माणूस पाणी गुडघ्याच्या वर चढलं की पांढराफटक पडायचा. कोणी छेडलंच तर म्हणायचे, “पाणी पाइपात आहे तोवर ते माझं ऐकतं. बाहेर आलं की मी त्याचं ऐकतो.” लोक हसायचे, काकाही हसायचे आणि विषय तिथेच मिटायचा.

पण एक जागा अशी होती की तिथे हा विषय मिटत नव्हता. ती जागा म्हणजे त्यांचं चर्च.

त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडून देत नसत, सबंध माणूस बुडवून देत. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली टाइल्स बसवलेला हौद, उतरायला दोन्हीकडून पायऱ्या. पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, माणसाला पाठीवर आडवं करायचं, क्षणभर पाण्याखाली न्यायचं आणि वर काढायचं. जुना माणूस पुरला गेला, नवा उठला, असा त्याचा अर्थ. हा हौद नळकाकांनीच जोडून दिला होता, तरुणपणी, एक पैसा न घेता. त्यात पाणी गुडघ्याच्या वर कधी चढायचंच नाही, ही एक खोड सोडली तर काम चोख होतं. एका धिप्पाड बाईंचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांचं पोट पाण्यावरच राहिलं होतं आणि तेव्हाच्या पाळकांना ते हाताने दाबून खाली घालावं लागलं होतं. मंडळी आठवडाभर हसत होती. सगळे गवंड्याला बोल लावायचे, म्हणायचे, मेल्याने माप चुकवलं. नळकाका काही बोलायचे नाहीत.

दर बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी काका हौद घासायचे, भरायचे, पाणी कोमट करायचे. सकाळी हात घालून बघायचे, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं. मग भिंतीमागे वॉल्व्हपाशी जाऊन उभे राहायचे. किती माणसं त्या पाण्यातून न्हाऊन निघाली! त्यांची बायकोसुद्धा. भरणारा मात्र कोरडाच.

आता तुम्ही म्हणाल, नसेल घेतला बाप्तिस्मा, बिघडलं कुठे? बिघडत होतं ते असं. त्या मंडळीचा नियम होता, बाप्तिस्मा नाही त्याने प्रभुभोजन घ्यायचं नाही. महिन्यातून एकदा पावाच्या तुकड्यांचं तबक बाकाबाकावरून फिरायचं. काकू, म्हणजे त्यांची बायको, एक तुकडा उचलून तबक नवऱ्याच्या हातात द्यायच्या, आणि नवरा ते तसंच पलीकडच्याच्या हातात सरकवायचा. मागोमाग द्राक्षरसाच्या प्याल्यांचंही तेच. काका मागच्या बाकावर बसायचे ते एवढ्यासाठीच, कमी लोकांना दिसावं म्हणून. काकूंच्या घशाखाली तो तुकडा कधी सुखाने उतरला नाही. भरल्या ताटावर एकटीने बसावं आणि नवऱ्याने उपाशी समोर बसावं, कोणत्या बाईला गोड लागेल?

या भीतीचं कारण काकूंना ठाऊक होतं, आणि जुन्या पाळकांना. काका लहान असताना त्यांचा थोरला भाऊ खाणीत साचलेल्या पाण्यात पोहायला उतरला, तो परत वर आला नाही. धाकटा काठावर त्याचे कपडे धरून उभा होता. दादा म्हणाला होता, धर रे जरा. माणसं धावत आली तेव्हाही शर्ट मुठीत घट्ट होता, सोडवावा लागला. जुन्या पाळकांनी म्हणूनच कधी आग्रह केला नाही. पुढे ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण, ठेंगणे, हसऱ्या चेहऱ्याचे पाळक आले.

नव्या पाळकांनी एका रविवारी बेथेस्दा तळ्याची गोष्ट घेतली. तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी पडून असलेला माणूस. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होईल, अशी तिथल्या लोकांची समजूत. येशू त्याला एवढंच विचारतो, तुला बरं व्हायचंय का? पाळक म्हणाले, “आणि हा गडी हो म्हणत नाही, बरं का! तो गाऱ्हाणं सांगतो. मला पाण्यात सोडायला माझं कोणी नाही, दुसरेच माझ्या आधी उतरतात. अडतीस वर्षांत काठाची इतकी सवय झाली, की बरं व्हायचंय का याचं उत्तरच त्याला देता येईना.”

मागच्या बाकावर नळकाकांच्या अंगाची लाही लाही झाली. उपासना संपताच ते ताडताड पुढे गेले. माणूस ताडमाड, पाळक त्यांच्या छातीशी येणारे.

“पाळकसाहेब, भर मंडळीत माझी खरडपट्टी काढायचं कारण काय?”

“तुमची?” पाळक गोंधळले. हौदाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे, ज्यांना सगळे मान देतात, त्या माणसाचा बाप्तिस्माच झालेला नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. काकांनी सगळं सांगितलं, रागारागात, मग राग संपल्यावर हळूहळू. पाळकांचे डोळे भरून आले. म्हणाले, “काका, येशूने तरी त्या माणसाला पाण्यात कुठे घातलं? ऊठ म्हणाला आणि चालायला लावलं. मी चर्चच्या वडीलमंडळींशी बोलतो. तुमच्या डोक्यावर ओंजळभर पाणी घालू. देव काय पाणी मापतो?”

केवढी सोय! दुसरा कोणी असता तर पाय धरले असते. नळकाकांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, “ज्यांच्याकडे शिंपडतात त्यांचं शिंपडणं खरंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी तर पळवाट म्हणून घेईन ना! तो बायबलातला नामान सेनापती नाही का? कोड झालं होतं, अलीशा संदेष्ट्याने यार्देन नदीत सात बुड्या मारायला सांगितल्या, तर तणतणत निघाला. आमच्याकडे काय नद्या नाहीत म्हणाला. शेवटी गेला तेव्हाच बरा झाला. मला तर एकच बुडी आहे. तीही वाटीत मारू? नको. मला बरं व्हायचंय.”

हे बोलून गेले आणि स्वतःच दचकले. शब्द तोंडातून निघाला होता, आता मागे कसा घेणार?

घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकूंनी जेवणाची पानं घ्यायचं सोडून आधी आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. ही धाकटी शहराच्या तरणतलावावर पोहणं शिकवायची. गळ्यात शिट्टी, जिभेला हाड नाही. मुलं तिला पोहण्याच्या बाई म्हणायची. संध्याकाळी ती हजर.

“काय भावोजी, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! इतकी वर्षं सगळ्या गावाला अंघोळी घातल्यात, आता तुमची पाळी. उद्या सकाळी या.”

“उद्या एक काम आहे,” काका म्हणाले.

“आहेच. माझ्याकडे.”

पहिल्या दिवशी काका तलावात उतरलेच नाहीत. काठावरचा एक वॉल्व्ह ठिबकत होता, तो त्यांच्या नजरेतून सुटतोय थोडाच! सगळा तास त्यांनी तो वॉल्व्ह खोलून, वायसर बदलून, पुसून चकचकीत करण्यात काढला. मेहुणी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “झालं? आता दुसरा गळका वॉल्व्ह पाण्यात आहे, तो उद्या बघू,” ती म्हणाली.

मग रोज सुरू झालं. एका कडेला हातात फळ्या धरून पाय मारणारी चिमुरडी, दुसऱ्या कडेला कठड्याला घट्ट धरून उभे नळकाका. घरी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढायचा अभ्यास दिला होता. काका बाथरूमचं दार लावून बादलीत फुरफुरायचे आणि काकू बाहेर पदर तोंडात धरून हसायच्या. पण हळूहळू तोंड पाण्यात जायला लागलं. गळ्यापर्यंत पाणी सोसायला लागलं. घोडं पेंड खायचं ते पुढे. बाप्तिस्मा पाठीवर असतो. मागे रेलायचं, पाय सोडायचे, समोर छत तेवढं दिसणार. तिथे काकांची पाचावर धारण बसायची.

मेहुणी त्यांच्या मानेखाली तळवा धरायची. “टाका मान.”

“टाकली.”

“टाकली कुठे? माझ्या हातावर वजनच नाही. मान तुम्ही स्वतःच उचलून धरलीय आणि वर म्हणताय, धरा हो मला!” मग म्हणाली, “येशूचा शिष्य पेत्र कोळी होता ना भावोजी? त्याला पोहता येत होतं. पुढे एकदा काठावर प्रभू दिसला तर पठ्ठ्याने अंगरखा आवळून सरळ समुद्रात उडी घेतली. मग त्या वादळात येशूकडे पाण्यावर दोन पावलं चालून बुडायला का लागला?”

“का?”

“वाऱ्याकडे बघितलं आणि येत होतं ते विसरला. तुम्हाला तर विसरायलाही काही येत नाही. तुमचं काम त्याच्याहून सोपं!”

काका हसले, आणि हसताना मान सैल पडली. क्षणभरच. कान पाण्यात गेले आणि त्या आवाजाने ते असे उसळले, की मेहुणीच्या नाकातोंडात पाणी गेलं. कठड्याला धरून ते धापा टाकत राहिले आणि मग एकदम ओरडले. तलावातली पोरं गप्प झाली.

“तुझ्या बहिणीने जेवणाच्या टेबलामागे भिंतीवर बायबलचं वचन लावलंय! पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. मी रोज त्याच्याकडे पाठ करून जेवतो. का? माझा दादा पाण्यातून गेला तेव्हा हा देव कुठे होता? तेव्हा कोण होतं त्याच्याबरोबर?”

मेहुणी काठावरचा टॉवेल घेऊन आली. “मला नाही माहीत, भावोजी,” ती म्हणाली आणि तो त्यांच्या खांद्यावर टाकला. मला विचाराल तर तिने त्या दिवशी शिकवलेलं सगळ्यांत मोलाचं तेच होतं.

त्या रात्री काकांनी ताट अर्धवट ठेवलं. काकूंना बहिणीकडून सगळं कळलं होतं. भांडी आवरता आवरता त्या म्हणाल्या, “एक विचारू? येशू स्वतः बाप्तिस्मा घ्यायला यार्देनेत उतरला तो कशासाठी? त्याला काय धुवायचं होतं?”

“नव्हतं काही.”

“मग खाली कशाला गेला? वरूनच हात दिला असता. मला वाटतं, जिथे म्हणून माणूस बुडतो तिथे त्याला आधी जाऊन यायचं होतं. दादांना कोणी वाचवलं नाही हे खरं आहे, ते मी पुसू शकत नाही. पण खाली ते एकटे होते असं मी मानत नाही. तुम्ही काठावर होतात. तो खाली होता.”

नळकाका रडले. इतकी वर्षं संसार केला, पण काकूंनी नवऱ्याला असं हमसून रडताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी भांडी तशीच ठेवली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बसायची बाजू बदलून वचनासमोर चहाला बसले.

आणि त्याच आठवड्यात मेहुणीच्या तळव्यावर वजन आलं. चांगलं भरभक्कम वजन. तिने हात हळूच काढून घेतला. काका छताकडे बघत तसेच पाण्यावर पडून राहिले, लांबलचक, हातपाय पसरून. पोरांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की काकांना वाटलं काहीतरी कोसळलं. “हात कधी काढलास?” त्यांनी विचारलं. “मघाशीच,” ती म्हणाली आणि शिट्टी वाजवली.

बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. शनिवारी दुपारी काका नेहमीसारखे हौद घासायला गेले. कोपऱ्यात एक उभी नळी होती. पाणी तिच्या तोंडाशी आलं की जास्तीचं तिच्यातून वाहून जायचं, म्हणून हौद त्याच्या वर भरत नसे. काका ब्रश घेऊन तिच्यासमोर बसले आणि बसूनच राहिले.

गवंड्याचं माप चुकलं नव्हतं. ती नळी नळकाकांनी आखूड कापली होती, स्वतःच्या हाताने. भरलेला हौद त्यांना तेव्हा बघवेना, म्हणून. विसरले होते असं नाही, त्या आठवणीकडे कधी वळून बघितलं नव्हतं एवढंच. आणि आता तशीच ठेवली असती तर? कोणाला कळणार होतं? उथळ पाण्यात पाठ भिजवून वर यायचं, लोक म्हणणार झालं, आणि पुढच्या महिन्यात तबकातला तुकडा हातात. काकांनी पाना काढला. आखूड नळी फिरवून बाहेर घेतली आणि पोतडीतून तिच्याहून बरीच लांब नळी काढून तिथे बसवली. आटे बरोबर बसले.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा पाणी वर वर चढत होतं. “अगंबाई! हे एवढं कसं भरलं?”

काकांनी सांगितलं. काकू आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग पायरीवर बसून इतक्या हसल्या की चहा सांडला. “म्हणजे माझे गुडघे कोरडे राहिले ते तुमच्यामुळे! आणि त्या बिचाऱ्या बाईंचं पोट! गवंड्याला शिव्या खायला लावल्यात इतकी वर्षं!”

“उद्या सगळ्यांसमोर सांगतो,” काका ओशाळून म्हणाले. “पाहिजे तर तुझे गुडघे आत्ता बुडव.”

“राहू द्या. पेत्रालाही प्रभूने सांगितलं होतं, जो न्हालाय त्याचे पाय धुतले की झालं.” आणि काकूंनी खरोखरच चपला काढून दोन्ही पाय पाण्यात सोडले.

रविवारी चर्च गच्च भरलं. मेहुणी पुढच्या बाकावर, शिट्टी पर्समध्ये. काकांनी उभं राहून नळीचं सगळं सांगितलं. मंडळीत आधी खसखस पिकली, मग त्या धिप्पाड बाई मोठ्याने म्हणाल्या, “बघा, मी सांगत नव्हते? पोटाचा काही दोष नव्हता!” आणि सगळं चर्च हसलं. काकांनी पाण्यात हात घालून बघितलं, आणि सवयीने त्यांचे पाय भिंतीमागच्या वॉल्व्हकडे वळले. तिथून ते परत फिरले. पायरीपाशी आले. उतरले.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पाणी काकांच्या कमरेच्या वर होतं, म्हणजे ठेंगण्या पाळकांच्या पार छातीशी! नळीची गोष्ट ऐकून पाळकही हसले होते, पण पाण्याचा हिशेब आपल्या उंचीशी कोणी केला होता? त्यांचा पांढरा झगा फुगून वर आला, पाय टाइल्सवरून सटकू लागले. तरी त्यांनी काकांच्या मानेखाली हात घातला, बाप्तिस्म्याचे शब्द उच्चारले, आणि नळकाकांनी मान टाकली. खरीखुरी, सगळ्या वजनानिशी.

ते वजन पाळकांना कुठलं पेलायला! काका पाण्याखाली गेले आणि मागोमाग पाळकही. खाली सगळं शांत झालं. मानेखालचा हात निसटल्याचं काकांना कळलं. छाती धडधडली नाही. त्यांनी पाय टेकले आणि आपले आपण उठून उभे राहिले, केसांतून पाणी निथळत. मंडळी ओरडणार तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं. हौदात पाळक नव्हते. पाण्यावर नुसता पांढरा झगा आणि बुडबुडे.

समोर पाणी, पाण्याखाली माणूस, आणि काठावर सगळे थिजलेले. हे सगळं नळकाकांनी एकदा बघितलं होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, डोकं खाली घातलं आणि पुन्हा पाण्याखाली गेले, या वेळी आपणहून. पाळकांच्या काखेत हात घालून त्यांनी त्यांना उचललं आणि पायरीवर आणून बसवलं. पाळक खोकले, ठसकले, नाक पुसलं आणि पहिला शब्द बोलले, “आमेन!”

मग जो गजर उठला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. लोक बाकांवर चढले. मेहुणीने शिट्टी काढून चर्चमध्ये वाजवली, आणि कोणी तिला रागावलंही नाही. काका हौदाच्या मधोमध उभे राहून, दोन्ही हात वर करून, रडत आणि हसत ओरडत होते, “काढला! मी काढला! वर काढला!” मंडळीला वाटलं पाळकांबद्दल बोलतायत. काकूंना माहीत होतं ते कोणाशी बोलतायत. त्या हात जोडून नुसत्या मान हलवत राहिल्या.

“दोन बुड्या झाल्या भावोजी,” मेहुणी टॉवेल देत म्हणाली. “एक माझ्याकडून.”

कोरडे कपडे घालून, ओले केस विंचरून काका बाहेर आले. ते मागच्या बाकाकडे निघाले होते, पण काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना पुढे बसवलं. त्या दिवशी प्रभुभोजनही होतं. तबक फिरत आलं. काकूंनी एक तुकडा घेतला, तबक नवऱ्याच्या हातात दिलं, आणि नवऱ्याने इतक्या वर्षांच्या सवयीने ते जसंच्या तसं शेजारी बसलेल्या मेहुणीकडे सरकवलं.

मेहुणीने ते परत सरकवलं. काकूंनी कोपराने ढोसलं. “अहो! घ्या की!”

नळकाकांनी तबकाकडे बघितलं, मग बायकोकडे. मग त्या जाड, पाना धरून घट्टे पडलेल्या बोटांनी एक तुकडा उचलला. काकू आपला तुकडा हातात धरून थांबल्या होत्या. दोघांनी बरोबरच खाल्ला.